रुमालाखालची नाडी

जळगावच्या कापूस बाजारात तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. खरेदीदार आणि अडत्या समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत. भोवती कितीही गर्दी असली तरी भाव दोघांनाच कळे. बोदवडच्या स्टेशनावर गाठी उचलणारा मी शेतकऱ्यांचा माल विकून देणारा अडत्या झालो, तो या रुमालाच्या जोरावर. तोंडाने वाटेल तसा भांडे, पण हात थंड ठेवी.

समोर बहुतेक वेळा माझा जुना भागीदार असे. आमची भागी होती तेव्हा एका जिनाची, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्याची, कापूसखरेदी दोघांना मिळायची ठरली होती. ती त्याने परस्पर एकट्याच्या नावावर करून घेतली, आणि मला कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून. मी त्याला नाना म्हणे, पुरा भाव काढून घेई आणि घरी जेवताना मनातल्या मनात पुन्हा त्याच्याशी भांडे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एका हंगामात माझ्या मानेत ठोके पडू लागले. सौदा अडला की कानात जिनाचं यंत्र चालल्यासारखं होई आणि गाड्यांची रांग तिरपी दिसे. त्याच सुमारास शेजारचा अडत्या वजनावरून हुज्जत घालता घालता कापसाच्या ढिगावर बसला, तो उठलाच नाही. माझ्याच वयाचा होता. तेव्हापासून डाव्या कुशीवर झोपायची मला भीती वाटे; उशीतून ठोके ऐकू येत.

जळगावात डॉक्टर होते. पण अडत्या आजारी आहे असं पहूर-जामनेरकडे कळलं असतं, तर गाड्या दुसऱ्याच्या दारात सुटल्या असत्या. सोयऱ्याच्या लग्नाचं निमित्त सांगून मी धुळ्याला गेलो. डॉक्टरने दंडाला पट्टा आवळून फुगवला, पाऱ्याकडे पाहिलं आणि आकडा सांगितला.

"काही कमी?" माझ्या तोंडून गेलं.

तो हसला नाही. "बाजार सोडा. मीठ सोडा. संताप सोडा."

"मीठ सोडतो."

"हा कापसाचा सौदा नाही, शेठ. रक्ताचा दाब असाच राहिला तर हृदय थकेल, नाहीतर डोक्यातली शीर फुटेल."

"हंगाम संपेपर्यंत तरी?"

"ते माझ्या हातात नाही."

घरी मीठ सुटलं. लोणचं उचलून नेताना बायको म्हणाली, "ताटातलं मीठ मी काढीन. त्या माणसाला तुमच्या डोक्यातून कोण काढणार?" मी रागाने ताट सरकवलं आणि लगेच घाबरून छातीवर हात ठेवला.

पुढच्या बाजाराला पहूरच्या एका शेतकऱ्याचा माल होता. नाना समोर बसला. त्याने पडता भाव दाबला, मी चढा. ठोके बोटांच्या टोकांपर्यंत आले. हात स्थिर राहावा म्हणून श्वास धरला, तर ते आणखी वाढले. नानाची बोटं सरकत माझ्या मनगटावर येऊन थांबली.

"तुना हात बठ्ठं सांगी ऱ्हायना, भाऊ," तो हळूच म्हणाला. माझा हात त्याला सगळं सांगत होता.

"भाव बोला, नाना."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने बोटं दाबली. मी मागितलेलाच भाव, एक आणाही न कापता.

"आबा, आज नाना हारना," शेतकरी खुशीत म्हणाला.

मला मात्र दरदरून घाम फुटला. धुळ्याच्या डॉक्टरवर माझा पुरता विश्वास बसला नव्हता. तोही आपला धंदाच करत असेल, असं वाटलं होतं. पण भागी मोडताना या माणसाने मला तराजूचं एक वजनसुद्धा सोडलं नव्हतं. त्याने भाव सोडला, म्हणजे मी आता फार दिवसांचा सोबती नाही, असं त्याला दिसलं होतं. खरेदी लाटल्याचं एक वेळ विसरेन. ती दया मला अजून सलते.

दुसऱ्या गाडीचा सौदा न करता मी उठलो आणि भिंतीला धरत दुकानात आलो. धाकट्या भावाला म्हटलं, "उद्यापासून नानासमोर तू बस."

"भांडण झालं का?"

"नाही," म्हणालो आणि गादीवर आडवा झालो, उजव्या कुशीवर.