जावयाचा कॉम्प्युटर आणि आमचा कूलर

लग्नानंतर ताई पहिल्यांदा महिनाभरासाठी माहेरी आली ती एक बॅग आणि एक खोकं घेऊन. बॅग तिची होती, खोकं जावयाचं होतं. त्यामुळे बाबांनी रिक्षातून आधी खोकं उतरवलं आणि मग मुलगी.

खोक्यात कॉम्प्युटर होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पण नागपूरच्या आमच्या प्रताप नगरात कॉम्प्युटर अजून कोणी घरात पाहिला नव्हता. हा चपटा, काळा, टाइपरायटरच्या पोरासारखा. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावून त्यात खेळ भरायचा. भरताना कॅसेट अशी किंचाळायची, की शेजारच्या काकू एकदा विचारून गेल्या, "काहून वं, मांजर अडकली का कुठी?"

जावई इंजिनिअर. कंपनीने परदेशी पाठवलं तेव्हा त्यांनी हे यंत्र आणलं आणि आल्याआल्या उघडून, आतला एक भाग बदलून त्याचा वेग वाढवला. नीट चालणारी वस्तू इंजिनिअरला बघवत नाही. वेग वाढला तसं यंत्र तापू लागलं. चित्र काढणारी चिप ज्या कोपऱ्यात होती, तिथे तर वरून हात लावला तरी चटका बसायचा. आता त्यांची बदली झाली होती. सामान ट्रकने जाणार, आणि ट्रकवाल्यांचा भरवसा काय, म्हणून यंत्र ताईबरोबर आमच्याकडे. सोबत हुकूम: लावायचं नाही.

ताई गणितात विद्यापीठात वरच्या नंबरात आलेली. बाबांनी तिचा निकाल गल्लीभर पेढे वाटून सांगितला होता. लग्नाला वर्ष झालं, तर सासरी तिला हे यंत्र पुसायची परवानगी होती, वापरायची नव्हती. "तुला त्यातलं कळत नाही," असं जावई प्रेमाने सांगत.

आल्यापासून ती मला आवडेनाशी झाली होती. स्वतःच्या घरात "पाणी घेऊ का?" म्हणून विचारायची. सगळ्यांची ताटं झाल्याशिवाय घास घ्यायची नाही. मला भयंकर राग यायचा. जावयावर काढता येत नव्हता, म्हणून मी तो खोक्यावर काढला. एका दुपारी आईबाबा झोपल्यावर सरळ उघडलं आणि जोडलं.

खेळ असा होता: एक टिचभर माणूस एका मोठ्या इमारतीत अडकलाय. खोल्याखोल्यांतून चाव्या गोळा करत त्याने शेवटच्या दारातून बाहेर पडायचं. मेला की पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात. आज इथवर, उद्या पुढे, अशी सोय नाही. ताईने सांगितलं, जावई पाण्याच्या हौदापाशी मरतात, त्यापुढचं कोणीच पाहिलेलं नाही. मी पहिल्याच खोलीत मेले. मग ताई बसली. नवऱ्याच्या मागे चहाचा कप घेऊन उभी राहून वर्षभर तिने नुसतं पाहिलं होतं. ती हौद ओलांडून पलीकडे गेली आणि खदखदून हसली.

त्या हसण्याने बाबा जागे झाले. टीव्ही पाहिला आणि त्यांची झोपच उडाली. "जावयाची वस्तू हाये ते! काही झालं तर पोरीले जन्मभर ऐका लागन!" तेवढ्यात पडद्यावरचे रंग ओघळले, माणूस भिंतीत अर्धा घुसून थिजला आणि सगळं बंद पडलं. यंत्राला हात लावला तर तवा.

तासाभराने गार झाल्यावर ते पुन्हा सुरू झालं, म्हणून बाबा वाचले. पण भानगड स्पष्ट होती. शेवटचं दार लांब, आणि यंत्राचा दम तोकडा. तापून चित्र फिसकटायच्या आत ताईला बाहेर पोचायचं होतं, तेही जावई न्यायला यायच्या आत, म्हणजे येत्या रविवारपर्यंत. त्यानंतर ती पुन्हा पुसणारी. ती हे बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने न विचारता माठातलं पाणी घेतलं, आणि बाबांनी पेपराआडून विचारलं, "आज नाही लावत का ते?"

मग आमचं सगळं घर त्या यंत्राच्या तापामागे लागलं.

मी विज्ञान शाखेची, त्यामुळे पहिला मूर्खपणा माझा. घरातला तापाचा थर्मामीटर त्याच्या पाठीला टेकवून ठेवायचा आणि पारा पाहत राहायचं. पण मे महिन्यात आमच्या खोलीत थर्मामीटर नुसता कपाटातून काढला तरी एकशे आठ दाखवायचा. खोलीलाच ताप, तिथे यंत्राचं काय कळणार! आई तो माठाच्या पाण्यात बुडवून झटकायची तेव्हा पारा खाली यायचा, आणि यंत्रापर्यंत नेईस्तोवर पुन्हा वर. शेवटी बाबांनी झटकताना तो पलंगाच्या खुरावर आपटला आणि तो प्रयोग संपला.

दुसरा मूर्खपणा बाबांचा. उन्हाची लू लागू नये म्हणून नागपूरचा माणूस खिशात कांदा घेऊन फिरतो. बाबांनी एक चांगला पांढरा कांदा निवडून यंत्रावर ठेवला. "असू दे. नुकसान तं नाही," म्हणाले. नुकसान झालं नाही. कांदा मात्र शिजल्यासारखा झाला.

तिसरा मूर्खपणा सामुदायिक. आमच्याकडे ज्याला त्रास होतो त्याला कूलरसमोर ठेवतात: आजारी माणूस, दूध, लग्नघरचा नवरदेव, सगळ्यांना औषध एकच. यंत्रही ठेवलं. ताई हौदापुढे बरीच लांब गेली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि कूलरच्या वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून आलेला एक फवारा बरोबर कळफलकावर बसला. टीव्ही हिरवागार झाला आणि मग काळा. बाबा खाली बसले ते बसलेच. ताई पांढरीफटक पडली. त्या क्षणी मला जावयाची नव्हे, तिची भीती वाटली. ती पुन्हा पाहुणी होईल याची.

पण नागपूरच्या उन्हाळ्यात ओलं राहायची कोणाची टाप आहे? पंख्याखाली यंत्र दुपारभर ठेवलं आणि संध्याकाळी ते मुकाट्याने सुरू झालं.

त्यानंतर कारभार आईने हातात घेतला. ती त्या पडद्याकडे कधी पाहायची नाही. "त्या बुटक्याले पाहून का करू?" म्हणायची. तिने यंत्राखाली दोन विटा लावून वारा खेळता केला, बाजूला टेबलफॅन ठेवला, आणि पोरींचे ताप पाहिलेला हात पालथा करून चिपच्या कोपऱ्यावर टेकवला. "वाढून राहिला," म्हणाली की ताई धावायची. "आता पुरे," म्हणाली की बंद. तरी दुपारी शेवटचं दार गाठता येईना.

"सकाळी खेळ नं," आई शनिवारी म्हणाली. "सकाळी गार असते."

हे आम्हाला आधी सुचलं नव्हतं, कारण सकाळ बायकांची नसते. सकाळी नळ येतो, केर असतो, पोळ्या असतात.

"पाण्याचं आम्ही पाहून घेतो," बाबा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बादली उचलली. रविवारी अर्धं पाणी अंगणात सांडून ते वेळेत आतही आले.

ताई हौद ओलांडून, त्यानंतरचा जिना चढून, आम्ही कधीच न पाहिलेल्या खोल्यांत शिरली होती. नेमकी त्या दिवशी जावयाची गाडी कधी नव्हे ती वेळेवर आली.

"जयभीम," दारातून आवाज आला. जावई आत आले. त्यांनी विटा पाहिल्या, पंखा पाहिला, यंत्रावर हात ठेवून बसलेली सासू पाहिली. "अहो, हे काय? बंद करा, बंद करा! तापलंय ते!"

ताईची बोटं अडखळली. पडद्यावरचा माणूस कडेला येऊन डगमगला. चित्राचे रंग फिके पडायला लागले होते. जावई बटणाकडे हात करून पुढे झाले.

बाबा ओली बादली घेऊन मध्ये उभे राहिले. हेच बाबा, ज्यांनी पोरीआधी खोकं उतरवलं होतं.

"जळलं तं जळू द्या, जावईबुवा. पोरगी खेळून राहिली."

ताईने मान वळवली नाही. तिची बोटं पुन्हा चालू लागली. एक खोली, मग आणखी एक, मग एक बुटकं दार. टिचभर माणूस त्यातून बाहेर पडला. पडदा दोनदा चमकला, काही इंग्रजी अक्षरं आली आणि गेली, आणि खेळ पुन्हा पहिल्या खोलीवर येऊन थांबला. एवढंच होतं शेवटी. मी रडले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ताई रडली नाही.

"आई, किती तापलं वं?" तिने विचारलं.

"चालते अजून," आई म्हणाली.

ताईने खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्या खोलीत शिरली. जावई बॅग हातात घेऊन तिच्या मागे उभे होते. त्यांना 'बसा' म्हणायचं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही.