दिवाळीनंतरचे चार महिने

वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागत नसे. पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागे. मी पडावात चढले तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी होती. म्हणाली, “पत्र घाल गो. बरा वाटला नाय तरी घाल.” मी अठरा वर्षांची होते. लग्नाला पाच महिने झाले होते आणि आमचे मालक परळच्या एका गिरणीत माग चालवत होते.

मी पत्रं घातली, पण पहिली दोन वर्षं बरं नसल्याचं लिहिलं नाही.

आमची खोली भोईवाड्याजवळच्या चाळीत, तळमजल्यावर. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर दक्षिणेला गिरणीची उंच भिंत. दसऱ्यापर्यंत दुपारचं थोडं ऊन भिंतीवरून आत उतरायचं. दिवाळी झाली आणि ते येईनासं झालं. दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. त्याच सुमाराला माझं अंग जड झालं. कितीही झोपले तरी झोप पुरेना. नळावर गेले की कळशी बाजूला ठेवून तिथेच बसून राही. वाटलं, माहेरची आठवण येत असेल. शिमगा आला आणि मी आपोआप बरी झाले.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा तेच. चाळीतल्या बायका म्हणाल्या, बाहेरची बाधा असेल, देवाला गाऱ्हाणं घाला. घातलं. फरक पडला तो शिमग्यालाच.

तिसऱ्या वर्षी कुसुम सहा महिन्यांची होती. एके दिवशी मालक पहिल्या पाळीवरून घरी आले तेव्हा रडून रडून पोरीचा घसा बसला होता, आणि मी पाळण्याशेजारीच बसले होते. रडणं ऐकू येत होतं, पण हात उचलवत नव्हता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

“तू गावाला जा. शिमगा झाला की ये.”

“आणि पुढच्या दिवाळीला?”

ते उठून डबा धुवायला गेले. मी जाणार नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं. करणार काय, ते ठाऊक नव्हतं. आईला मात्र त्या आठवड्यात खरं ते लिहिलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा, नाक्यानाक्यावर सभा, आणि उजाडताना बायकांची प्रभातफेरी. आमच्या भागातली फेरी शेजारच्या चाळीतल्या सुभद्राबाई काढायच्या. त्या गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांच्या घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आमच्याकडच्या काही जणी त्यांच्याशी दारातूनच बोलत. त्या मात्र सरळ आत आल्या, कुसुमला बघितलं, मला बघितलं.

“उद्या फेरीला ये.”

“मला बरं नाही, बाई. बरं वाटलं की येते.”

“बरं वाटायची वाट बघत बसलीस तर शिमगा उजाडेल. तशीच ये. पोरीला मी घेते.”

पहिल्या दिवशी लालबागच्या नाक्यापर्यंत पाय ओढत गेले. घोषणेला तोंड उघडेना. परत येऊन फेरी भोईवाड्याच्या मैदानात थांबली, आणि तिथे ऊन होतं. सगळ्या पांगल्या तरी मी डोळे मिटून बसून राहिले. घरी येऊन डाळ निवडली. इतकंच. पण त्या आठवड्यात हाती धरलेलं ते पहिलं काम होतं.

चमत्कार झाला नाही. कितीदा तरी सुभद्राबाईंनी दार वाजवून उठवलं. दोन दिवस मी उठलेच नाही; तिसऱ्या दिवशी उठले. पौष निम्मा सरला तेव्हा आंघोळ घालताना कुसुम हसली आणि मलाही हसू आलं. शिमग्याला अजून अवकाश होता.

पुढे राज्य झालं, पेढे वाटले, फेऱ्या थांबल्या. दिवाळीनंतर ते जडपण परत आलं. मग मी एकटीच निघू लागले. निवडायचे तांदूळ, शिवण आणि मुलगी, सगळं मैदानावर घेऊन बसायचं. कुणी विचारलं तर सांगायची, या दिवसांत मला ऊन लागतं. हसणाऱ्या हसल्या. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ऊन कमी झालं की काही जणांना हा आजार होतो, त्यावर औषध आहे, लाजू नका. दोन हिवाळे तेही घेतलं.

आता मालक नाहीत. कुसुम शीवला असते. गेल्या वर्षी गावाहून भावाने लिहिलं, “एकटी कशाला राहतेस? इकडे ये, अंगणात दिवसभर ऊन असतं.” खरं आहे. मी कळवलं, मे महिन्यात येईन, चांगली महिनाभर राहीन; दिवाळीनंतरचे दिवस मात्र परळलाच.

तुम्ही गावाकडच्या माणसांनी याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि ज्या माझ्यासारख्या गाव सोडून बाहेर पडल्या त्यांना कदाचित समजेल. माहेरी मी नेहमीच बरी होते. माझी वाईट दशा परळने बघितली, आणि तिच्यातून उठले तीही इथेच. घर कुठे म्हणून कुणी विचारलं, तर मी इथलंच सांगते.