एक 'बरोबर', दोन 'बरोबर'

ज्याच्या दरबारी मुंगी हत्तीपेक्षा लहान नाही आणि हत्ती मुंगीपेक्षा मोठा नाही, त्या दयाघनाला आधी दंडवत. आणि मग लॉन्ड्रीवाल्या बरोबरकाकांची कथा.

कुणी काहीही म्हणो, काका एकदाच म्हणत, "बरोबर!" काकूंचे उलटे. प्रत्येक पिशवीवरची चिठ्ठी कपड्यांशी ताडून त्या दोनदा पुटपुटत, "बरोबर? बरोबर?" चाळीस पिशव्या, ऐंशी वेळा! हिच्या जिभेला विसावा मिळावा, म्हणून काका साठीत संगणकाच्या वर्गाला गेले, महिनाभर खपले आणि प्रोग्राम लिहिला: पिशवीचा क्रमांक घालावा, गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी निघावी. पहिलीच ओळ होती: जर क्रमांक = १२, तर पैलवान.

सकाळी चाळीस चिठ्ठ्या निघाल्या. चाळीसही पैलवानाच्या!

"एवढे कपडे एकट्याचे?" काकूंनी विचारले.

"बरोबर! देहही तेवढाच आहे," म्हणत काका तीन खेपांत सारे पोचवून आले.

दहा वाजता वकीलबाई दारात. "काका, माझा काळा कोट? अकराला कोर्टात उभं राहायचंय. कोटाशिवाय न्यायाधीश तोंड उघडू देणार नाहीत!"

जन्मात प्रथमच 'बरोबर' सोडून काकांनी नुसते पडद्याकडे बोट दाखवले.

काकूंनी पडद्यावरची ओळ वाचली. "अहो, तुम्ही यंत्राला विचारलंत की बजावलंत? मी दोनदा म्हणते ते विचारणं. तुम्ही एकदा म्हणता तो शिक्का!"

काकांनी वर्गाची वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: 'बरोबर'चे एक चिन्ह (=) म्हणजे किंमत ठेवणे, दोन चिन्हे (==) म्हणजे ताडून पाहणे. यंत्र बिचारे हुकमाचे ताबेदार. येईल त्या क्रमांकाला बारा करीत गेले. साऱ्या गावाचे बारा वाजवले!

काका पैलवानाकडे धावले, मागोमाग वकीलबाई. पैलवान कोटात अडकून, दोन्ही हात वर करून उभा.

"काका, हा कोट तुम्ही भेट दिलात ना? पण जरा आटलाय हो!"

एक बाही काकांनी ओढली, दुसरी वकीलबाईंनी. कोट सुटला, काखेतली शिवण उसवली.

"असू दे," बाई पळता पळता म्हणाल्या, "हात उंचावून युक्तिवाद करायला बरं!" आणि अकराच्या ठोक्याला त्या कोर्टात उभ्या होत्या.

साऱ्या पिशव्या परत घरी आणून काकांनी त्या चिन्हाशेजारी त्याचे भावंड बसवले. चाळीस चिठ्ठ्या, चाळीस नावे. पहिली चिठ्ठी काकूंपुढे धरून त्यांनी हळूच विचारले, "बरोबर? बरोबर?"

काकू एकदाच म्हणाल्या, "बरोबर!"

हे दयाघना, ही जोडी त्या दोन चिन्हांसारखी शेजारी शेजारी, सारख्याच मोलाची ठेव. आणि या घरातला एकही मोजा कधी विजोड होऊ देऊ नकोस.