फक्त शुद्धलेखन

मला जे कळलं नाही, ते मी खोडून टाकलं. चूक एवढीच. म्हणजे — एवढीच असती तर तुम्हाला सांगत बसलो नसतो. माझ्या फजितीचे किस्से मी मिटक्या मारत सांगतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा एक मात्र आजवर कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही.

पिरंगुटला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. नव्या मुलांसाठी तिथे संगणकावरच रेग्युलर एक्स्प्रेशन्सची एक मार्गदर्शिका होती. मजकुराची चाळणी समजा — काय आत येऊ द्यायचं, काय अडवायचं, ते एका ओळीत लिहायचं. ती लिहिली होती सुरेखाने. मुठा गावची मुलगी, घरी मेंढरं, कंपनीत अजून कायम झालेली नव्हती. तिच्या लिखाणाची साफसफाई करायचं काम आलं माझ्याकडे. मी ज्येष्ठ ना! मथळे एका मापाचे केले, रकाने सरळ केले. अंगातच आलं होतं म्हणा.

नाव तपासायच्या पानावर, तयार चाळणीखाली, तिची एक लांबलचक टीप होती. ही चाळणी नाव आणि आडनाव दोन्ही मागते. एकच नाव लावणाऱ्यांना अडवील. आधी खालच्या नावांवर चालवून बघा. आणि खाली नावांची ही रांग! मला ते पान — काय सांगू — आठवडी बाजाराच्या पिशवीसारखं वाटलं. एकच नाव लावतं कोण? तिला विचारायला किती पावलं होती? चार. मी खुर्चीतून उठलो नाही. टीप खोडली, नावं खोडली. साहेब म्हणाले, "वा, पान कसं स्वच्छ दिसतंय!" आणि मी — चक्क लाजलो.

पुढे लवळ्याच्या एका वसतिगृहाचा ऑनलाइन प्रवेशअर्ज बनवायचं काम आमच्याकडे आलं. नव्या प्रोग्रामरने त्या पानावरची चाळणी जशीच्या तशी उचलली. लांबून येणाऱ्या काही मुली एकच नाव लावणाऱ्या. अर्ज त्यांना पुढे सरकूच देईना. फोन करून करून थकल्या, तोवर मुदत गेली. ट्रंका घेऊन मुली फाटकाशी उभ्या, आणि आत खोल्या भरलेल्या.

मीटिंग बसली. पानाच्या तळाशी नाव एकच — सुरेखाचं. साहेबांनी विचारलं, "यावर शेवटचा हात कुणाचा?"

तुम्ही माझ्या जागी काय बोलला असता? नको, ते राहू द्या. मी काय बोललो ते सांगतो.

"माझा. पण मी फक्त शुद्धलेखन पाहिलं."

सुरेखा समोरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं — बराच वेळ. मी चहावरची साय बघत होतो. ती काही बोलली नाही, तेव्हा मी सुटलो असंच वाटलं मला. महिनाभराने तिला कायम केलं नाही, घरी पाठवलं. निरोपाच्या कार्डावर शुभेच्छा लिहिणारा पहिला मी. अक्षर चांगलं आहे ना माझं!

आठ महिन्यांनी पिरंगुटच्या बाजारात ती दिसली. आता एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागली होती. पळ काढावा म्हटलं, पण तिने पाहिलं होतं. मी हसून विचारलं, "काय सुरेखा, बरी आहेस ना?"

ऑफिसात ती जपून, पुण्याची भाषा बोलायची. इथे तिला जपायचं कारण उरलं नव्हतं.

"बरी हाय की. सर, त्या पानावर कुनी काय खोडलं, ते नावासकट कंपूटरात ऱ्हातं. कुटं बघायचं ते तुमीच शिकवलं हुतं मला. मीटिंगच्या आदीच बघितलं मी."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले. न्हाई बोललात. मग म्हटलं, हितं राहून तरी काय करायचं?"

मी तिथून ऑफिसात जाऊन खरं सांगितलं का? नाही. दुसऱ्या दिवशी? नाही. ते पान आजही तसंच स्वच्छ आहे, तळाशी तिचंच नाव आहे.

तर त्या दिवशी बाजारात आम्ही असे उभे, तेवढ्यात तिचे वडील खांद्यावर पेंडीचं पोतं घेऊन आले. मला खालीवर न्याहाळून त्यांनी तिला विचारलं, "कोन गं हे?"

"आमच्या हापिसातलं सर हायेत, आबा," ती म्हणाली. "फकस्त शुद्धलेखन बघत्यात."