तांबड्या तोंडाची निळी गाडी

मोटारसायकलच्या सुट्या भागासाठी स्थळं पाहणारा माणूस या पृथ्वीवर एकच, आणि तो माझ्याच नशिबी व्याही म्हणून आला. मी चौथीच्या पुढे शिकलो नाही, पण माणसं पुष्कळ पाहिली; असा नग दुसरा नाही, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांची ती निळी, लांब पल्ल्याची जुनी गाडी. कंपनीनं ती बनवणं केव्हाच सोडलं, यांनी चालवणं सोडलं नाही. दरवर्षी विहीणबाईंना मागे बसवून ग्वाल्हेरहून थेट जेजुरीला, कुलदैवताच्या दर्शनाला जातात. ऊन फार झालं की टाकीवर ओला पंचा टाकतात. घाट आला की गाडीला समजावतात, "थोडंच राहिलंय हं," आणि मागून विहीणबाई "बरं" म्हणतात. गावातल्या महाराज बाडा चौकातून जाताना त्या चौकाला पूर्ण प्रदक्षिणा घातल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, तर थांबून, मागे वळून, दर्शनाच्या रांगेत ढकलाढकली करू नये असं त्याला बजावतात.

अशा या गाडीचं फेअरिंग फुटलं. फेअरिंग म्हणजे पुढचं प्लास्टिकचं कवच. त्यात दिवा बसतो आणि वर वारा अडवायला काच असते. दौलतगंजात गाडी उभी होती आणि एका सांडाला मान खाजवायची होती, एवढंच घडलं. पण त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, कधीपासून टपूनच होता. "बाबा, अब बस," तो म्हणाला, "पावसाळ्याआधी हे मिळालं तर ठीक, नाहीतर गाडी विकायची. छातीवर वारा घेत तुम्हाला आणि आईला हायवेवर मी जाऊ देणार नाही." गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं त्यानं. व्याही त्या दिवशी आमटीत पोळी बुडवून नुसतेच बसून राहिले. जेजुरी सुटली, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला वाचता आलं, आणि मी फारसं वाचत नाही.

आता आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना मुलामुलींची लग्नं जमवायची तर इंदूर, देवास, झाशी, बडोदा पालथं घालावं लागतं. इथं घरं ती किती? व्याह्यांनी अशी पुष्कळ लग्नं जमवलेली. त्याच रीतीनं ते फेअरिंग शोधायला निघाले. गाडीचा एक फोटो समोरून, एक बाजूनं, जन्मसाल, रंग, उंची, स्वभाव शांत, असं सगळं गावोगावच्या ओळखीच्या घरी कळवलं. नया बाजारातल्या मिस्त्रीनं दुसऱ्याच मॉडेलचं कवच काढलं आणि "बाबूजी, थोड़ा काटकर बिठा देंगे" म्हणाला, तेव्हा हे स्टुलावरून उठलेच. कापून-कोरून बसवलेलं टिकत नाही, म्हणाले. आणि त्या मिस्त्रीला मुलाचं लग्न कुठे करू नये, हेही सांगून आले. या सगळ्या फेऱ्यांत मी बरोबर असे. मी पडलो मुलीचा बाप. वरपक्षानं "चला" म्हटलं की मला चपला घालाव्याच लागतात.

शेवटी झाशीला एका निवृत्त रेल्वेगार्डांकडे हेच मॉडेल निघालं. इंजिन संपलेलं, पण तोंड शाबूत; फक्त तांबडं. गार्डांनी ते सोडवून, धुऊन, चटईवर मांडून ठेवलं होतं. पोहे झाले, चहा झाला. व्याह्यांनी विचारपूस सुरू केली: पूर्वी कधी पडझड? उन्हात असे की सावलीत? मग खिशातून टेप काढून भोकाला भोक मोजलं. सगळं जुळलं. त्यांचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि या महापुरुषानं रुमालाला हात पुसून काय सांगावं? "छान आहे. घरी विचारून कळवतो."

मी मागून कोपरानं ढोसलं, तर माझ्याकडेच डोळे वटारले. वरपक्षानं पहिल्या भेटीत हो म्हणायचं नसतं म्हणे. घरी आल्यावरही फोन करीनात. उतावळेपणा दिसतो म्हणे. इकडे गिऱ्हाईक येऊन गाडीला फेरा मारून गेलं. मी जन्मात कुणाच्या दारी काही मागायला गेलो नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटेची पॅसेंजर धरून झाशीला गेलो. गार्ड म्हणाले, होकार आला नाही म्हणून आम्ही नकार समजलो, संध्याकाळी कबाडी ते भंगारात न्यायला यायचाय. मी ते उचलून मांडीवर घेतलं, ते ग्वाल्हेरपर्यंत खाली ठेवलं नाही.

पण ते द्यायचं कसं? या माणसानं लग्नात माझ्याकडून नारळाखेरीज काही घेतलं नव्हतं. पुढे आंब्याची पेटी पाठवली, तीही परत आली. तेव्हा अधिक महिना माझ्या कामी आला. अधिकाचं वाण जावयाला देतात आणि जावयाला ते नाकारता येत नाही. वाण जाळीदार हवं. याला नटबोल्टांची भोकं होती. मी त्यात अनारसे रचले, वर खण झाकला, दिवा लावला आणि जावयापुढे ठेवलं. त्यानं खण उचलला. दारात उभ्या बापाकडे बघितलं. "बाबा, ये तो चीटिंग है," मला म्हणाला, आणि अनारसा तोंडात धरून पाना आणायला गेला. व्याही म्हणाले, मुलाच्या वाणात मी कोण बोलणार, आणि अंगणात माझ्याआधी पोचले.

बसलं, आणि नेमकं बसलं. निळ्या अंगाला तांबडं तोंड. मी म्हटलं, उद्या निळा रंग मारून आणू.

"राहू द्या, व्याहीबुवा," ते काचेवर हात फिरवत म्हणाले. "दुसऱ्या घरून आलंय. आल्या आल्या त्याला रंग कशाला बदलायला लावायचा?"

आतून माझी मुलगी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सगळ्यांना जेवायला हाका मारत होती. तिच्या लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सगळे वाकून बघत होते. यांनी मुलाचा अंगठीचा हात धरला आणि तिचं माहेरचंच नाव पुन्हा लिहायला लावलं. इतकी वर्षं मी समजत होतो, या माणसाला ऐनवेळी दुसरं नाव सुचलं नसेल.