मधल्या फळीतला माणूस

“डॉक्टरसाहेब, म्हातारा आता किती पळते? फायनलले याले बसवून ठेवू,” तरुण कप्तान बाबांना म्हणाला.

मेहकरच्या मैदानालगत आमचं घर होतं. गावचा फुटबॉल संघ आमच्या ओट्यावरच ठरे आणि शेवटचा शब्द बाबांचा असे. तो म्हातारा, मधल्या फळीत खेळणारा हाफबॅक, पायरीवर बसून गुडघ्याला धोतराची पट्टी बांधत होता. सुट्टीत मी त्याला रोज खिडकीतून पाहायची. चेंडू हिसकावून पुढच्याला द्यायचा आणि टाळ्या वाजेपर्यंत मागे आपल्या जागी परतायचा.

“गोल मी कधी मारला नाही, साहेब,” तो म्हणाला. “पण चेंडू अडला की सारे मलेच हाक मारतेत.”

“कोन मारते हाक?” कप्तान हसला.

पाहुण्यांसमोर मी सहसा बोलत नसे.

“तुम्हीच मारता,” मी खिडकीतून कप्तानाला म्हणाले. “मी रोज ऐकते.”