हद्दीपलीकडचं लग्न

माझी धाकटी बहीण आमच्या जामखेडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर दिली होती, पण ते गाव मोगलाईत. निजामाचं राज्य म्हणजे आम्हाला परमुलूखच. मधे नाका, पलीकडं नाणं वेगळं, कचेरीतले कागद उर्दूत. बोलणं मात्र दोन्हीकडं एकच.

लढाई संपून वर्ष झालं होतं. इटलीत सुरुंगावर माझे दोन्ही पाय गेले आणि लष्करी दवाखान्यातून सुटताना मला चाकांची खुर्ची मिळाली. तशाच खुर्चीतून मी त्या परक्या देशात हिंडलो होतो. जहाजावर चढवायला तिथल्या लोकांनी फळ्या टाकल्या होत्या. परवाना कुणी विचारला नव्हता.

भाचीचं लग्न ठरलं. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि तिला सख्खा मामा मी एकटाच. आठ दिवस आम्ही अंगणात सराव केला. बायको खुर्ची मागून ढकलायची आणि मी शेजारणीच्या पोरीचा हात धरून पुढं सरकायचो. चाक मातीत रुतलं की ती पोरगी हसायची. मीही हसायचो.

लग्नाच्या आदल्या दिवशी निघालो. नाक्यावर कारकुनानं गाडीच्या मागं बांधलेली खुर्ची पाहिली.

"ही काय चीज हाय?"

"माझी खुर्ची. मला चालता येत नाही."

त्यानं वही उलटीपालटी केली. "सायकलीचा परवाना असतो, गाडीचा असतो. ह्याचं नावच न्हाई वहीत. हितंच ठिवा, जाताना न्या."

"अहो, पाय आहेत ते माझे."

"मग काय झालं? काढूनच ठिवायचेत ना?"

शिपाई हसले. बायको त्याच्या पाया पडायला वाकली, मी तिला ओढून मागं घेतलं. खुर्ची नाक्यावर राहिली.

बहिणीच्या दारात मेहुण्यानं मला काखेत धरून गाडीतून उतरवलं. वऱ्हाडी मंडळी बघत होती. मला ओसरीवर घोंगडीवर बसवलं. बहीण गळ्यात पडून रडली आणि मग कामाला गेली.

मुहूर्ताची गडबड सुरू झाली तेव्हा मी बायकोला म्हणालो, "दोघातिघांना बोलव. मला उचलून नेतील."

ती मेहुण्याला विचारायला गेली. मांडव ओसरीला लागूनच होता, त्याचं बोलणं मला ऐकू आलं. "चार माणसांनी मामाला उचलून आणायचा? नवऱ्याकडची काय म्हनतील? माझा मावसभाऊ उभा ऱ्हाईल तिच्या पाठीशी." मग त्यानं बहिणीला विचारलं, "काय गं, चालंल ना?"

मी कान देऊन थांबलो.

"चालंल," बहीण म्हणाली. "दादालाबी तरास नको."

मंगलाष्टकं मी ओसरीवरून ऐकली. अक्षता वाटणारा माझ्यापर्यंत आलाच नाही. भाची पाया पडायला आली तेव्हा डोकं कुठं ठेवावं हे तिला कळेना. ती घोंगडीवर डोकं टेकवून गेली.

परत येताना नाक्यावर खुर्ची मिळाली. तिची वेताची बैठक फाटली होती. कारकून दुसरीकडं तोंड करून पान चघळत होता. बायको भांडायला उठली. मी म्हणालो, "चल."

दोन-अडीच वर्षांत निजामाचं राज्य गेलं, नाकाही उठला. बहीण स्वतः मला न्यायला आली. "आता कुनी आडवत न्हाई दादा," ती म्हणाली. "ऱ्हा चार दिस."

मी तिला जेवू घातलं, साडी नेसवली आणि तिच्या गावच्या गाडीत बसवून दिलं. गेलो नाही. तिनं कारण विचारलं नाही. बायकोनं मात्र त्या रात्री विचारलं, "किती दिस धरून बसनार?" मी म्हणालो, "मला माहीत नाही." ते खरं होतं. आजही माहीत नाही.